जर्मन पंप

जर्मनीच्या एका संस्थेनं घोटावड्याजवळच्या आमच्या धनगरवस्तीला सोलर पंप दिला आणि ओढ्याचं पाणी पहिल्यांदाच टेकाडावर चढलं. आता पंप जर्मनीचा असला, तरी सरपंच मी. त्याच संध्याकाळी टेकाडावर, रस्त्यावरून दिसेल असा मोठ्ठा फ्लेक्स उभा केला. कोपऱ्यात दोन देशांचे झेंडे, बाकी सगळा हात जोडलेला मी. फोटो मुद्दाम लग्नातला दिला, तेव्हा डोक्यावर केस होते.

दुसऱ्या दिवसापासून पंप ढिम्म हलेना. वस्तीवरची बानूबाई रिकामा हंडा घेऊन माझ्या दारात आली. "सरपंच, मेंढरं तानेनं वरडाय लागल्यात. आमी परत वड्याला उतरायचं व्हय?"

"मावशे, परदेशी माल हाय त्यो. आपलं ऊन सोसत न्हाई त्याला," मी म्हणालो. गावभर हेच सांगत सुटलो. संस्थेलाही फोनवर चांगलं झापलं.

शेवटी जर्मनीहून इंजिनीयर आला. त्यानं पंप उघडलाच नाही. टेकाडावरच्या सोलर पॅनेलकडं पाहिलं, मग मान वर केली आणि हसायलाच लागला. त्याच्याबरोबर आलेल्या दुभाषी स्वरदाताई मला म्हणाल्या, "पंपाला काही झालेलं नाही म्हणतात. तो फ्लेक्सवरचा माणूस उन्हाच्या आड उभा आहे, त्याची सावली पॅनेलवर पडते. तेवढा काढून टाका. तुमच्या ओळखीचा आहे का तो, असं विचारतायत."



मी डोक्यावरची टोपी घट्ट केली आणि म्हणालो, "न्हाई बा."