बट्टीचा आग्रह

सत्त्याऐंशी साली अमेरिकेत भावाकडे असताना लीलाताईंचं वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं. वजन उतरलं, पण अकरा वर्षांनंतरही चार घासांपलीकडे खाल्लं की सगळं उलटून यायचं.

सुरतजवळच्या उधन्यातल्या ओळखीच्या घरांना हे ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्यापाशी आले, की शेजारची कुणीतरी काळजीने सांगायची, "त्यांना नको, त्यांना सोसत नाही." मग वाढपी पुढे सरकायचे आणि पुढच्या पानावर हसतखेळत आग्रह सुरू व्हायचा. लीलाताईंना अकरा वर्षांत कुणी आग्रह केला नव्हता.

त्या दिवशी पाटलांच्या लग्नात वरण-बट्टी होती. महिन्यापूर्वीच धुळ्याहून त्यांच्याकडे सून होऊन आलेली हर्षदा परात घेऊन त्यांच्यासमोर वाकली.

"काय हो काकी, पान कोरडंच? किती वाळलात, वाऱ्याने उडून जाल!"

शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना नको..."

"वाढ गं," लीलाताई घाईने म्हणाल्या.

त्यांनी बट्टी कुस्करली, वरणात कालवली, सावकाश संपवली. हर्षदा परत आली.

"आता अर्धी तरी घ्याच. माझी शपथ आहे!"

लीलाताईंनी तीही खाल्ली. मग मांडवामागे जाऊन सगळं ओकून टाकलं, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.



आणि दुसरी पंगत बसत होती, तिथे हर्षदा वाढत होती त्या रांगेत जाऊन बसल्या.