सुजेचा आकडा

वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो. पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हापासून त्याने गच्चीला कुलूप ठोकलंय, आणि आमचे ओले कपडे घरातच कुबट वास मारत वाळतात. माझ्या पोटात कॅन्सर निघाला, तरी हा पठ्ठ्या खाली फिरकला नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "रक्तात सुजेचा आकडा फार चढलाय. असं असलं की पुढचं अवघड जातं." बातमी वर पोचली आणि त्याच दिवशी गच्चीचं कुलूप निघालं. धाकटा माझ्या पायाशी येऊन बसला. "दादा, झालं गेलं विसरून जा," म्हणत माझे पाय चेपू लागला. मीही गाढव, विरघळलो.

पुढच्या तपासणीत नर्सला माझ्या किडक्या दाढेत पू दिसला. डॉक्टर पोटाचंच विचारायचे, म्हणून दाढेचं मी कधी बोललोच नव्हतो. लवंग धरून दिवस काढत होतो. दाढ उपटली, औषधं झाली आणि आकडा झरझर उतरला.

"बरीचशी सूज दाढेचीच होती की हो!" डॉक्टर हसले. "आता ऑपरेशन करू. चांगली आशा आहे."

पहिला फोन मी धाकट्याला केला. "बरं झालं," म्हणून त्याने फोन ठेवला.



संध्याकाळी बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली आणि तशीच भरलेली खाली घेऊन आली. "नवं कुलूप आणलंय मेल्याने. आधीच्यापेक्षा मोठं."