तेवीस बाय पंच्याहत्तर

फ्रेम करायला आलेल्या चित्राखालचं पेन्सिलीतलं २३/७५ कुंदाताईंनी खोडरबरानं साफ पुसलं. आधीच्या फ्रेमवाल्यानं माप लिहून ठेवलं असणार, तेवीस बाय पंच्याहत्तर. मग टेप लावली, तर कागद लांबीला जेमतेम वीस इंच भरला.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, खालचा आकडा झाकू नका हं," चित्राचे मालक गुप्तेसर म्हणाले. "या चित्राच्या पंच्याहत्तर छापांतला हा तेविसावा. महायुद्धानंतरच्या काळातल्या इंग्रज चित्रकारानं स्वतः लिहिलाय. पोचतोच मी."

दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं सरांनीच पाठवलेली होती. कुंदाताईंनी कागद उजेडात तिरपा धरला. पेन्सिलीचा वळ अजून दिसत होता. पेन्सिलीला टोक काढून त्यांनी वळावरून आकडा गिरवला.

सरांनी आल्या आल्या भिंग लावलं. चित्रातल्या काळ्या-तांबड्या पट्ट्या सोडून ते नेमके कोपऱ्यात थांबले.

"अरे वा! हा सात बघा. हात कसा थरथरलाय म्हाताऱ्याचा! इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही."

"हो का," कुंदाताई कशाबशा म्हणाल्या.

"थांबा, फोटो काढून लंडनच्या तज्ज्ञांना पाठवतो."