दोन फूट एक इंच

पडद्यावर दोन फूट तीन इंच असा आकडा होता. भरतीकाकांनी तो चष्मा पुसण्याच्या निमित्ताने वाचला आणि जिना चढून गच्चीवर गेले.

गच्चीवरून शहराचे चारही किनारे दिसत. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दहा मिनिटं शांत उभे राहिले. त्यांना पांढुरकं धुकं दिसत होतं. मग खाली येऊन त्यांनी तक्त्यावर लिहिलं, दोन फूट चार इंच. एक इंच इकडे किंवा तिकडे करायचा, हा त्यांचा नियम होता. सगळंच तंतोतंत जुळलं की लोकांना वास येतो.

सात वाजता त्यांचा आवाज रेडिओवरून शहरभर गेला. "धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर लाटा दोन फूट चार इंच. वारा मंद. पाण्याला ओढ नाही. हिरवा बावटा." तेवढं ऐकून कोणी पोहायला निघे, कोणी फळी काखेत मारून लाटांवर स्वार व्हायला.

एकतीस वर्षं हेच काम. नुसत्या नजरेने लाटेची उंची सांगत आणि इंचभराने चुकत नसत. धक्क्यापाशी लाट किती, एवढं कळलं की उरलेल्या तीन किनाऱ्यांचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. पण यंदा नजरेने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "लांबचं गेलं ते गेलं. जवळचं सांभाळा." हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

आणि नेमका तेव्हाच कचेरीने बोया आणला. धक्क्यासमोर पाण्यात तरंगणारा, लाटा मोजणारा, पिवळाधमक. साहेबांनी सांगितलं, तीन महिने दोघांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे; मग काकांना ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरेल. बोयाबरोबर एक तरुण इंजिनीअरबाई आली. ही आपल्या मुळावरच आली आहे, असं काकांना आधी वाटलं होतं. पण तिच्या खोलीबाहेरच्या पडद्यावर रोज सकाळी साडेसहाला बोयाचा आकडा झळकू लागला, आणि बुडत्याला काडी मिळावी तसं झालं.

बाई तशी भली होती. काका आले की उठून उभी राहायची. त्यांच्या तक्त्यापाशी रोज थोडी रेंगाळायची. म्हातारा कुठे चुकतो ते शोधत असेल, असं काका मनात म्हणत आणि तिच्याकडे बघून गोड हसत.

"साहेबांना सांगून टाका," एका संध्याकाळी भाजी निवडताना बायको म्हणाली.

"काय सांगू? आंधळा समुद्राची राखण करतोय म्हणून?"

"चेष्टा पुरे. आपली नात त्याच पाण्यात उतरते."

"म्हणून तर मी निर्धास्त आहे. माणसाचा डोळा एखादे दिवशी चुकेल. यंत्र नाही चुकत."

बायकोने उरलेली भाजी पुढे ओढली आणि विषय सोडला. या दिवसांत समुद्रही शहाण्या बाळासारखा वागत होता. तीन महिन्यांत पिवळा बावटा चढवायची वेळ चार-पाचदाच आली.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी शनिवार होता. नातीच्या पोहण्याच्या वर्गाची शर्यत होती, धक्क्यापासून बोयापर्यंत आणि परत. चाळीस मुलं. नात आदल्या दिवशी सांगून गेली होती, "आजोबा, उद्या हिरवाच लावा हं."

सकाळी काका गच्चीवर गेले तेव्हा वारा फिरला होता. एरवी लाटांची नुसती चुळबुळ ऐकू येई. आज एक दणका ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा दणका. लाटांमधलं अंतर असं वाढलं की लांबवर काहीतरी उठलेलं असतं, हे ते पहिल्याच वर्षी शिकले होते. ते कान देऊन उभे राहिले.

ते खाली आले आणि पडदा पुन्हा वाचला. अगदी नाक लावून. दोन फूट.

यंत्रापुढे म्हाताऱ्याच्या कानांचं काय घेऊन बसलात? त्यांनी लिहिलं, दोन फूट एक इंच. हिरवा बावटा.

नऊ वाजता साहेबांनी दोघांना आत बोलावलं. टेबलावर तीन महिन्यांचे तक्ते पसरलेले होते. "कमाल आहे," साहेब म्हणाले, "ब्याण्णव दिवसांत एक इंचाच्या वर फरक नाही. काका, तुम्ही निवृत्तीपर्यंत इथेच. आणि बाई, आपण आणखी तीन बोये मागवतोय."

काका बाहेर आले आणि जिन्याच्या खिडकीपाशी टेकले. सुटल्यासारखं वाटत होतं. खालून शिट्टी ऐकू आली, मग मुलांचा गलका, मग चाळीस मुलं पाण्यात शिरल्याचा आवाज.

इंजिनीअरबाई त्यांच्यामागून आली. इकडे-तिकडे बघितलं आणि एकदम वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला.

"अगं, हे काय?"

"तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली, काका. आता नाही सांगितलं तर माझं मनच मला खाईल." तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "बोया पहिल्याच आठवड्यात बंद पडला. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. तेव्हापासून रोज सकाळी तुमचाच आदल्या दिवशीचा आकडा इंचभर खालीवर करून पडद्यावर टाकतेय. म्हटलं, काकांचा डोळा आहे ना समुद्रावर, मग काळजी कसली?"