दहा लाख एक

“ह्या पोरीचे पाच गुण कापा.” मुख्याध्यापक मृत्युंजय सरांनी सौंदर्याचा पेपर टेबलावर आपटला. “दहा लाख एक ही मूळ संख्या हाय. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंबी भाग जात न्हाय. अख्ख्या वर्गानं बरोबर लिहिलंय, ही एकटीच शहाणी.”

शाहूपुरीतल्या त्या शाळेत सुष्मिता मॅडम शिक्षणसेविका होत्या. तीन वर्षं जेमतेम मानधनावर काढायची, मग कायम. तिसरं वर्ष संपायला दोन महिने उरले होते आणि कायम करायच्या कागदावर शेरा मारणार होते हेच सर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? म्हणून पेपर तपासताना बाईंनी दोन्ही डगरींवर हात ठेवला होता. सरांनी ठरवलेलं उत्तर म्हणून वर्गाला पाच-पाच गुण दिले, आणि खरं उत्तर म्हणून सौंदर्यालाही पाच. तरी दोन गुणांनी सौंदर्याच पहिली आली. जिल्ह्याच्या गणित स्पर्धेला शाळेतून एकच मूल जाणार होतं. पाच कापले की जाणार होता विश्वजित, सरांचा मुलगा.

“सर, भाग जातो तिला,” सुष्मिता म्हणाली.

“मला शिकवतासा व्हय? दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी भाग घालून बघितलाय मी. सव्वीस वर्षं ह्यातच गेली माझी.”

तिथंच तर गोम होती. शंभरच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या शाळेत पोरांकडून घोकून घेत, आणि सरांचं गणितही त्या पंचवीसांपाशीच थांबलं होतं. सुष्मिताला मनस्वी चीड आली. तिनं कोरा कागद पुढं सरकवला.

“शंभरच्या पुढं जावा की. एकशे एकनं भाग घाला. जोतिबाला दरसाल तेवढेच रुपये ठेवता न्हवं?”

खाऊ का गिळू असं बघत सरांनी पेन उचललं. नऊ. परत नऊ. शून्य. एक. खाली बाकी उरली शून्य. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. तेच आलं. त्यांची कानशिलं लाल झाली. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात टाकली.

“बरोबर हाय तुमचं,” ते आवाज उतरवून म्हणाले. “आता माझं ऐका. गुण कापा, न्हायतर जूनपास्नं दुसरी शाळा बघा.”

सुष्मितानं सौंदर्याचा पेपर बाजूला ठेवला, कपाटातून वर्गाचा सगळा गठ्ठा काढला आणि लाल पेनाचं टोपण उघडलं. गठ्ठ्यातून तिनं आधी विश्वजितचा पेपर शोधला, पाचावर काट मारली, शेजारी शून्य मांडलं आणि खाली सही केली.

“बसा सर,” ती म्हणाली, “अजून सदतीस हायत.”