विद्यापीठाचा वाटा

नवऱ्याला संशोधनासाठी मोठं अनुदान मिळालं, पण त्यातला तिसरा हिस्सा विद्यापीठ स्वतःकडे ठेवून घेणार हे कळल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"डोकं माझं, प्रयोग माझे, आणि हे आयत्या बिळावर नागोबा. कशाचे पैसे कापतात, तर म्हणे वीज, पाणी, झाडलोट, कुलपंकिल्ल्या. यातलं काही दिसतं का माझ्या शोधनिबंधात?"

प्रयोगशाळेची किल्ली तो नेहमीसारखा विसरला होता. ती मी त्याच्या खिशात सरकवली, त्याच्या खोलीतला दिवा बंद केला आणि त्याचा उष्टा कप उचलला.

"वर तो लेखाधिकारी मलाच ऐकवतो, हे सगळं आम्ही केलं नाही तर तुमचा प्रयोग एक दिवस उभा राहायचा नाही."

"असं म्हणाला तो? सगळ्यांसमोर?"

"हो ना. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या."

लेक होईपर्यंत त्याच प्रयोगशाळेत माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून होतं. माझा चेहरा बघून तो बूट घालता घालता थांबला.

"खरं सांग, माझा हेवा वाटतोय ना तुला?"

"तुझा नाही रे," मी म्हटलं. "विद्यापीठाचा."