मिस्तरी म्हनायचं

“इचारलं तर मिस्तरी म्हनायचं. त्यो दुसरा शबूद तोंडातून काढला तर बघा!” पारूबाईनं नवऱ्याला सकाळपासून इतक्यांदा बजावलं होतं, की मिस्तरी हे आपलं आडनावच आहे की काय, असं कडुबाला वाटायला लागलं होतं.

आता तो मुकुंदवाडीतल्या आपल्या खोलीत, इस्त्रीच्या शर्टात, खाटेच्या कडेला अंग चोरून बसला होता. समोर खुर्च्यांवर मुलीला बघायला आलेले पाहुणे. चितेगावच्या कंपनीत कामाला असलेला संघपाल आणि त्याचे चुलते, गुरुजी. शाळेतून रिटायर झाले, तरी गुरुजींची जीभ काही रिटायर झाली नव्हती.

पोहे झाले, चहा आला. सरितानं मुलाकडं एकदाच पाहिलं, पण असं पाहिलं की आईला सगळं कळलं. पोरगी सकाळी कपबश्या पुसताना कधी नव्हे ती गुणगुणत होती. मुलानंही मान खाली घालून का होईना, हसून घेतलं. राहता राहिले गुरुजी, आणि त्या घरात शब्द गुरुजींचाच चालायचा.

नेमका आजच शेजारच्या प्लॉटवर स्लॅब पडत होता. मिक्सरच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं.

“मिस्तरी म्हंजी कारागीर मानूस,” गुरुजी आवाज चढवून म्हणाले. “हाताखाली मानसं किती असतेत?”

“हायत की... दोन-तीन बिगारी.”

पारूबाईनं डोळे वटारले, पण शब्द गेला तो गेलाच.

“त्यो शब्द नको, पाहुणे!” गुरुजींनी हात वर केला. “बिगार म्हंजी काय, म्हाइतेय का? फुकटचं राबणं! निजामाचा अंमलदार गावात आला, की त्याचं सामान आपल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावर घ्यायचं अन् पुढच्या गावापस्तोर पळायचं. दाम नाय, पाणी नाय. नावानं तरी कोण बोलावतंय? ‘ए बिगारी’ म्हनलं, की हातातली भाकर टाकून उठायचं. माझ्या आज्यानं एक दिवस ते ओझं वेशीत उतरवलं अन् म्हनला, आजपासून हे डोकं माझं हाय. तवापासून असल्या हाकेला आमच्या घरातून कोनी उठलं नाय.”

कडुबाचा ऊर भरून आला. आयुष्यभर हा शब्द ऐकला, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. गुरुजींच्या त्या न पाहिलेल्या आज्याला त्यानं मनातल्या मनात जय भीम केला.

“बरं, आता कळवायचं काय त्यात,” गुरुजी पुतण्याकडं बघून हसले. “पोरगी तर आमाला...”

शेजारचा मिक्सर थांबला.

“ए बिगारीऽऽ! माल!”

“आलो, आलो!”

कडुबा उभा होता. बशी खाटेवर ठेवलेली, चहा गोधडीवर सांडलेला, आणि हात डोक्यावर, चुंबळ सारखी करायला गेलेला. चुंबळ कुठली! तेल लावून चापून बसवलेले पांढरे केस तेवढे बोटांना लागले.

पारूबाईनं पदर तोंडाला लावला. संघपाल फरशीकडं बघत राहिला. गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, हातापाया तरी पडता आलं असतं.

“बसा, पाहुणे,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमाला नाय बोलावलं त्यांनी.”

उरलेला चहा तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “कळवतो आमी.”

कळवतो म्हणजे काय, ते समजायला शाळा शिकावी लागत नाही. पारूबाई चुलीकडं तोंड करून बसली. सरिता कपबश्या गोळा करायला लागली. कडुबा परत खाटेवर बसला होता, मघाच्याच जागी, मघासारखाच अंग चोरून.

“पोरी, म्या मुद्दाम नाय गं केलं. पायच उठले.”

“व्हय, बाबा.”

“गुरुजी बोलत व्हते ते सगळं पटलं मला. लई पटलं.”

“व्हय.”

“ए बिगारी!” बाहेरून परत हाक आली. “मेला का काय रं?”

कडुबानं दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. सरितानं ट्रे खाली ठेवला, बापाशेजारी टेकली आणि त्याचा गुडघा दाबून धरला. तिच्या हाताखाली तो अजून उठायलाच बघत होता.